काटा पडतो की चढतो

टेबलावरच्या रुळांवर मॉडेल रेल्वेचं इंजिन अडखळायला लागलं, की मी इंजिनाकडे बघत नाही. शेजारच्या अँपिअर मीटरच्या काट्याकडे बघतो. इंजिन थबकलं त्याच क्षणी काटा शून्याकडे पडला, तर वीज मोटरपर्यंत पोचत नाहीये. काटा वर चढला, तर वीज पोचतेय, पण आत काहीतरी अडतंय. हे दोन वेगळे आजार आहेत आणि त्यांची औषधंही वेगळी. माझ्याकडे दुरुस्तीला येणाऱ्या बऱ्याच इंजिनांना आधी कुणीतरी चुकीचं औषध दिलेलं असतं. वीज पोचत नसते आणि तेल घातलेलं असतं.

माझी सगळी नोकरी घोरपडीच्या डिझेल शेडमध्ये झाली, इलेक्ट्रिकल फिटर म्हणून. अमेरिकेच्या अल्को कंपनीच्या बनावटीवरून आलेली डब्ल्यूडीएम-२ ही आमची रोजची इंजिनं. सोळा सिलिंडर, २६०० अश्वशक्ती, खाली सहा ट्रॅक्शन मोटरी. पुष्कळांना वाटतं, डिझेल इंजिनाची चाकं डिझेल फिरवतं. चाकं वीज फिरवते. डिझेलवर धडधडणारं ते धूड जनरेटर फिरवतं, आणि जनरेटरची वीज खाली आसांजवळच्या मोटरींना जाते. म्हणजे हे रुळांवरून धावणारं वीजघरच. मॉडेलमध्ये हे वीजघर इंजिनाच्या पोटात नसतं, टेबलाच्या कडेला कंट्रोलरमध्ये असतं. तिथून १२ व्होल्टपर्यंतची डीसी वीज रुळांत येते. खालचं सगळं मात्र ओळखीचं: मोटर, तिचा कम्युटेटर, त्यावर घासणारे कार्बनचे ब्रश, दाते, आस. शेडमध्ये हातात यायचा तो ब्रश काडेपेटीएवढा असायचा. इथे तो तांदळाच्या दाण्याएवढा. झिजतो मात्र तसाच.

माझ्याकडे येतात ती बहुतेक एचओ मापाची. खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग, रुळांमधलं अंतर १६.५ मिलिमीटर. हे अंतर १४३५ मिलिमीटरच्या गेजशी जुळतं, युरोप-अमेरिकेत चालतं त्याच्याशी. आपलं ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटरचं, त्याला एचओमध्ये एकोणीस मिलिमीटरांहून थोडं जास्त लागेल. त्यामुळे भारतीय रंगातलं डब्ल्यूडीएमचं मॉडेल १६.५ च्या रुळांवर उभं केलं, की मला ते अंग चोरून उभं राहिल्यासारखं दिसतं. जन्मभर ते खालून बघितलंय, म्हणून खटकत असेल.

काटा पडतो तेव्हा काय झालेलं असतं? वीज रुळावरून चाकाच्या धावेवर येते, चाकाच्या मागच्या बाजूला टेकलेल्या पितळी पट्टीवर जाते, तिथून तारेने मोटरच्या ब्रशवर. एका बाजूने आत, दुसऱ्या बाजूने बाहेर. या वाटेत वीज अनेक ठिकाणी नुसत्या टेकण्यावर चालते, डाख फक्त तारेच्या टोकांना असतो. टेकायच्या जागी जरासा काळा थर साचला किंवा पट्टी केसभर मागे सरली, की इंजिन आचके देतं. लोक लगेच म्हणतात, “काका, मोटर गेली.” मी दोन तारा थेट मोटरला लावून दाखवतो. मोटर गुणगुणत फिरते. इतक्या वर्षांत खरोखर गेलेली मोटर मी फार थोड्या वेळा पाहिली.

एन मापात, म्हणजे १:१६० आणि रूळ ९ मिलिमीटर, हे टेकण्याचं प्रकरण आणखी नाजूक. तिथे पुष्कळ इंजिनांत तारा नसतातच. धातूच्या सांगाड्याचे दोन उभे अर्धे, मध्ये प्लॅस्टिकच्या चकत्या, आणि प्रत्येक अर्धा म्हणजे एक वाहक. बोगीतल्या, म्हणजे इंजिनाखालच्या चाकांच्या चौकटीतल्या, पट्ट्या वर सांगाड्याला टेकतात आणि आसांची अणकुचीदार टोकं त्याच पट्ट्यांच्या खळग्यांत फिरतात. एकदा एका खळग्यात भिंगाखाली मांजराचा एक केस सापडला, व्यवस्थित वेटोळं घालून बसलेला. चिमट्याने तो ओढून काढला आणि दोन महिने मेलेलं इंजिन चाललं.

चाकं पुसण्याची माझी रीत सोपी आहे. कागदी रुमालाची पट्टी आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये ओली करून रुळांवर आडवी अंथरायची. इंजिनाची एक बोगी कोरड्या रुळावर, दुसरी ओल्या कागदावर. बोटांनी इंजिन धरून ठेवायचं आणि वीज द्यायची. कोरड्या बोगीकडून वीज मिळते, ओल्या बोगीची चाकं जागच्या जागी फिरतात. कागदावर दोन काळ्या रेघा उमटतात, काजळाच्या बोटासारख्या. कागद सरकवायचा, पुन्हा. रेघा फिकट राखाडी होईपर्यंत मी थांबत नाही. मग इंजिन उलटं करून दुसरी बोगी. सँडपेपर कधीही नाही. त्याने चाकावर ओरखडे पडतात आणि पुढची घाण त्या ओरखड्यांत घर करते. झटपट निकाल दिसतो म्हणून लोक ते करतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण ते चाक पुन्हा कधीच पहिल्यासारखं होत नाही.

तेलाबाबत मी स्वतः चुकलो आहे. शेडमध्ये वंगण कमी पडू द्यायचं नाही, हे आमच्या अंगात भिनलेलं. निवृत्तीनंतर सुरुवातीला एका ओळखीच्या गृहस्थांचं जुनं इंजिन माझ्याकडे आलं. मी मोटरच्या दोन्ही बेअरिंगांत भरपूर तेल सोडलं. आठ दिवस ते सुरेख चाललं, नवव्या दिवशी तापून वास यायला लागला. तेल आतून कम्युटेटरवर गेलं होतं. ब्रशची कार्बनची भुकटी त्यात कालवून काळा लगदा झाला होता आणि तो तांब्याच्या पाकळ्यांमधल्या फटींत बसला होता. त्या फटी पाकळ्यांना एकमेकींपासून वेगळं ठेवण्यासाठीच असतात. टोकदार काडीने मी एकेक फट कोरून काढली. मोटर वाचली, पण एका ब्रशची स्प्रिंग उष्णतेने मऊ पडली होती, ती बदलावी लागली. त्या गृहस्थांना मी सगळं खरं सांगितलं. आता टाचणीच्या टोकावर राहील तेवढाच थेंब, आणि तोही जुनं मेणासारखं झालेलं ग्रीस खरवडून काढल्यावर.

काटा चढतो तेव्हा मात्र कान लागतात. गेल्या महिन्यात कॉलेजातला एक मुलगा सहा आसांचं अमेरिकन डिझेल घेऊन आला. “काका, टक्‌ टक्‌ वाजतं आणि सांध्यावर उतरतं.” वेग अगदी कमी करून ऐकलं. प्रत्येक टक्‌बरोबर काटा किंचित वर जात होता. मग एका चाकाच्या कडेवर पांढऱ्या रंगाचा ठिपका दिला आणि रुळालगत पट्टी ठेवली. टक्‌ दर ३७ मिलिमीटरला येत होता. खरं चाक ४० इंची, म्हणजे मॉडेलमधलं पावणेबारा मिलिमीटर व्यासाचं. त्याचा घेर तेवढाच भरतो. चाकाच्या एका फेऱ्याला एक टक्‌, म्हणजे दोष आसावरच्याच दात्याच्या चाकात. मोटरच्या दांड्यावरच्या वर्ममध्ये, म्हणजे स्क्रूसारख्या आट्यांच्या गिअरमध्ये असता, तर एका फेऱ्यात कितीतरी टक्‌ आले असते.

आता सहा आसांपैकी कुठला? बोगीखालचं झाकण काढून एकेक आस बाहेर घेतला. चौथा. अशा इंजिनांत आस अखंड नसतो. दोन अर्ध्या दांड्या दोन्ही बाजूंनी प्लॅस्टिकच्या गिअरच्या नळीत ठासलेल्या असतात. वर्षानुवर्षं त्या ताणात राहून प्लॅस्टिक आकसतं आणि दोन दात्यांच्या मध्ये उभी चीर जाते. भिंगाखाली ती स्पष्ट दिसली, दुधावरच्या सायीला सुरकुती पडावी इतकी बारीक. तेवढ्याने त्या दोन दात्यांमधलं अंतर वाढलं होतं, म्हणून तिथे आलं की अडकायचं. नळी सैल झाल्यामुळे चाकंही बाहेर सरकली होती. चाकांच्या आतल्या बाजूंमधलं अंतर साधारण १४.४ मिलिमीटर हवं, व्हर्निअरने मोजलं तर १४.९ भरलं. सांध्यावर उतरण्याचं कारण तेच.

“डिंक लावून चालेल?” मुलाने विचारलं. चालणार नाही. हे प्लॅस्टिक इतकं गुळगुळीत असतं की डिंक धरत नाही, आणि धरला तरी ताण तिथेच राहतो. नवा गिअर हवा. आणि एक चिरला आहे, तर बाकीचे पाचही त्याच वयाचे आहेत, म्हणून सहा मागवले.

ते अजून आलेले नाहीत. सुटे केलेले आस काडेपेटीत आहेत, प्रत्येकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधून: बोगी कुठली, आस कितवा, तोंड कुठल्या बाजूला. परवा मुलगा चौकशीला आला होता. जाताना त्याने काडेपेटी उघडली, चौथा आस खिडकीच्या उजेडात धरला आणि चीर शोधायला लागला. मी भिंग त्याच्या हातात दिलं.