सांगणे आणि ऐकणे

मराठीत ‘ऐकणे’ या क्रियापदाला दोन अर्थ आहेत. शब्द कानांवर पडणे हा एक आणि सांगितल्याप्रमाणे वागणे हा दुसरा. आमची मातृभाषा कोंकणी. तिच्यातील ‘आयकप’ही असेच दुहेरी आहे. या दोन अर्थांत केवढे अंतर असते, हे शिक्षकाला वर्गात नित्य दिसते. यंत्रांच्या जगातही तेच अंतर आहे, हे मात्र आम्हांस अलीकडे उमगले.

कोसाडमधील आमच्या कित्येक विद्यार्थ्यांचे पालक सुरतेच्या रंगाईच्या गिरण्यांत राबतात. अशाच एका पालकांच्या आग्रहावरून आम्ही त्यांची गिरणी पाहावयास गेलो. पॉलिएस्टरच्या कापडात रंग मुरावा म्हणून बंद यंत्रातील पाणी दाबाखाली सुमारे १३० अंश सेल्सिअसपर्यंत तापवावे लागते. त्यासाठी लागणारी वाफ एका वॉल्व्हमधून, म्हणजे झडपेतून, येते. पूर्वी माणूस चाक फिरवून ही झडप उघडीत असे. आता नियंत्रक यंत्र तिला दुरून आज्ञा देते.

नियंत्रकातील संगणकाला केवळ अंक कळतात आणि झडपेला तर अंक मुळीच कळत नाहीत. म्हणून दोहोंमध्ये ‘अॅनालॉग आउटपुट मॉड्यूल’ नावाचा दुभाषी बसविलेला असतो. तो अंकाचे विजेच्या प्रवाहात रूपांतर करतो. ४ मिलिअँपिअर म्हणजे झडप पूर्ण बंद, १२ म्हणजे अर्धी उघडी, २० म्हणजे पूर्ण उघडी. एकाच मंडलातील प्रवाह सर्वत्र सारखा असतो. त्यामुळे तार लांब असली तरी आज्ञा वाटेत क्षीण होत नाही. झडपेपाशी या प्रवाहाच्या प्रमाणात हवेचा दाब निर्माण केला जातो आणि तो दाब झडप हलवितो.

“मग मोजणी शून्यापासून का नाही?” आम्ही विचारले.

ते हसून म्हणाले, “सर, शून्य आलं म्हणजे तार तुटली समजायचं.”

किती मार्मिक योजना! ‘बंद राहा’ ही आज्ञा वेगळी आणि आज्ञाच न पोहोचणे वेगळे. प्रवाह तुटलाच, तर हवा निघून जाते, स्प्रिंग वाफेची झडप मिटविते आणि शेजारी उभा असलेला कामगार सुरक्षित राहतो.

तथापि आज्ञा पोहोचली म्हणजे ती पाळली गेली, असे नव्हे. २८ मार्च १९७९ रोजी अमेरिकेतील थ्री माइल आयलंड अणुवीजकेंद्रात एक झडप उघडीच अडकून राहिली. नियंत्रण कक्षातील दिव्यावरून एवढेच कळत होते की, बंद होण्याची आज्ञा गेली आहे. चालकांनी झडप मिटली असे मानले. दोन तासांहून अधिक काळ अणुभट्टी थंड ठेवणारे पाणी वाहून गेले आणि तिचा गाभा अंशतः वितळला. म्हणूनच महत्त्वाच्या झडपेवर तिची खरी स्थिती उलट कळविणारे उपकरणही बसवावे लागते.

वर्गात “समजले का?” असे विचारताच एकमुखाने येणारा “हो!” हाही पुष्कळदा तसलाच दिवा असतो. विद्यार्थी मित्रहो, समजले नसेल तर निःसंकोच तसे सांगा. तुमचे मौन आम्हांस वाचता येत नाही. आणि उद्या तुमच्यांपैकी कोणी नियंत्रण कक्षात बसून कळ दाबील, तेव्हा दूर झडपेशेजारी कोणाचे तरी वडील उभे आहेत, हे स्मरावे. झडप खरोखर मिटली काय, हे पाहावे आणि मगच पुढचे काम हाती घ्यावे.