पनवेलचे लायसन्स आणि आखाताची नोकरी

पनवेल हे रस्त्यांचे गाव. पळस्पे फाट्यावरून गोव्याचा राष्ट्रीय महामार्ग ६६ सुटतो, तो थेट कन्याकुमारीपर्यंत जातो. २००२ साली पूर्ण झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग कळंबोलीपासून सुरू होतो. एका अंगाला न्हावा-शेवा बंदर, दुसऱ्या अंगाला तळोजा एमआयडीसी. कळंबोलीच्या लोखंड बाजारात मालट्रकांची वर्दळ थांबत नाही. अशा गावात गरिबाच्या मुलाने स्टिअरिंग धरले तर नवल काय? ज्याला सातबारा नाही, त्याचा सातबारा म्हणजे एम.एच. ४६ च्या आर.टी.ओ.चे लायसन्स!

यातलेच काही बंधू आखातात जातात. तिथे राहून गाडी चालवायची तर तिथली परीक्षा देऊन तिथलेच लायसन्स काढावे लागते. आपल्याकडचा आंतरराष्ट्रीय परवाना फार तर एक वर्षाचा, तोही पाहुण्यासाठी. मग वाटते, पनवेलच्या लायसन्सचे आता काय काम? ते ट्रंकेच्या तळाशी जाते. इथेच घात होतो, कारण आखाताची नोकरी कराराची असते. करार संपला की माणूस परत पळस्पे फाट्यावर! तिकडचे लायसन्स दाखवून इथे ट्रक चालवता येत नाही.

आमच्या ओळखीचे एक ड्रायव्हर बंधू सात वर्षांनी परतले. काम तयार होते, पण लायसन्सची मुदत संपून दोन वर्षे झाली होती. वीस वर्षे स्टिअरिंगवर काढलेल्या माणसाला पुन्हा चाचणी द्यावी लागली. तोवर घर साठवलेल्या पैशांवर चालले. मुलीच्या कॉलेजची फी त्यातच गेली.

वाचकहो, कायदा समजून घ्या. २०१९ च्या दुरुस्तीनंतर मालवाहू व प्रवासी वाहनांचे लायसन्स ५ वर्षांचे झाले. मुदत संपण्याआधी १ वर्ष आणि संपल्यावर १ वर्ष, एवढ्या काळात नूतनीकरण होते. त्यानंतर चाचणी अटळ. मुदत संपल्यावर मात्र, नूतनीकरण होईपर्यंत, गाडी चालवू नये. विनालायसन्स ५,००० रुपये दंड आहेच, शिवाय अपघात झाला तर विमा कंपनी भरपाईची रक्कम गाडीमालकाकडून वसूल करू शकते. असा ड्रायव्हर कोण ठेवील?

आता हिशेब करा. निघण्यापूर्वी लायसन्स नवे केले. दोन-दोन वर्षांचे करार धरले, तर दुसरा करार संपून चौथ्या वर्षी जी रजा मिळते, तेव्हा नूतनीकरणाचा काळ सुरू झालेला असतो. त्याच रजेत काम उरका. पुढची रजा सहाव्या वर्षी, तोवर दार बंद झालेले असेल. डॉक्टरी दाखला लागतो आणि तपासणीला स्वतः हजर राहावे लागते, म्हणून रजेच्या पहिल्याच आठवड्यात जावे. लग्न-बारसे नंतर.

खाजगी गाडीच्या लायसन्सचीही मुदत पाहा. तिशीच्या आत काढलेले चाळिशीपर्यंत चालते, तीस ते पन्नास या वयात काढलेले १० वर्षे.

भगिनींनो, हे काम तुमच्याही हातचे आहे. धनी निघण्यापूर्वी लायसन्सची झेरॉक्स घरी ठेवून घ्या. मुदतीची तारीख मुलांच्या वहीत लिहून ठेवा, दरवर्षी नव्या कॅलेंडरवर उतरवा आणि फोनवर आठवण द्या. परदेशातून येणारा पैसा आज आहे, उद्या नाही. हातातली कला मात्र कायम राहते, फक्त तिचा कागद जिवंत ठेवला पाहिजे.