एकच बाटली, देशोदेशीचे भाव

पेनफोल्ड्स ग्रेंज ही ऑस्ट्रेलियाची सगळ्यात नावाजलेली वाइन. नवीन बाटली तिकडे हजार ऑस्ट्रेलियन डॉलरच्या आसपास जाते. मी ती प्यायलेलो नाही, पुढेही योग दिसत नाही. पण आमचं गाव नाशिक जिल्ह्यातलं, चुलतभाऊ वाइनरीला द्राक्षं घालतो. त्यामुळे बाहेरची वाइन इकडे काय भावाने उतरणार, हा प्रश्न आमच्यासाठी श्रीमंतांच्या चैनीचा नाही, घरातला आहे. म्हणून गेले काही महिने मी हे कर आणि करार वाचत बसलोय.

तर मंडळी, बाटली तीच, द्राक्षं तीच, पण भाव देशागणिक वेगळा. वाहतुकीचा त्यात वाटा असतो, पण महागड्या बाटलीच्या बाबतीत तो किरकोळ. खरा प्रश्न एवढाच, की सरकार कर कशावर लावतं: बाटलीतल्या अल्कोहोलवर की बाटलीच्या किमतीवर?

सिंगापूर अल्कोहोलवर लावतं. शुद्ध अल्कोहोलच्या लिटरमागे ८८ सिंगापूर डॉलर. १४.५ टक्के अल्कोहोल असलेल्या साध्या ७५० मिलीच्या बाटलीवर हे साडेनऊ डॉलर होतात. बाटली वीस डॉलरची असो की हजाराची, कर साडेनऊच, वर ९ टक्के जीएसटी. म्हणजे स्वस्त वाइन पिणाऱ्याचं कंबरडं मोडतं आणि ग्रेंजवाल्याला पत्ताही लागत नाही. ब्रिटनचा हिशेब याच वळणाचा: बाटलीमागे तीन पौंडांच्या थोडं वर, मग २० टक्के व्हॅट. हाँगकाँगने तर फेब्रुवारी २००८ मध्ये वाइनवरचा करच काढून टाकला.

आणि खुद्द ऑस्ट्रेलियात? तिथे घाऊक किमतीवर २९ टक्के वाइन कर आहे, त्यावर १० टक्के जीएसटी. निर्यातीच्या मालाला हे दोन्ही माफ. त्यामुळे काही ऑस्ट्रेलियन बाटल्या हाँगकाँगमध्ये ऑस्ट्रेलियापेक्षा स्वस्त पडू शकतात. आपल्याकडे निर्यातीचा हापूस आठवा, फक्त उलटा.

माझी भाची मेलबर्नला असते. तिच्याकडून कळलेली गंमत म्हणजे, एका दुकानातून ३०० डॉलरच्या वर खरेदी केली आणि ६० दिवसांच्या आत देश सोडला, तर विमानतळावर हे दोन्ही कर परत मागता येतात. दोन बाटल्यांचे ३३० डॉलर दिले असतील तर ३० डॉलर जीएसटीचे आणि ४८ च्या आसपास वाइन कराचे मिळतात. इकडे मुंबईत उतरताना दोन लिटरपर्यंत शुल्क नाही. म्हणजे ऑस्ट्रेलियन वाइन भारतात सगळ्यात स्वस्त कुठे मिळते, तर भाचीच्या बॅगेत!

चीनचं प्रकरण मात्र हसण्यावारी नेण्यासारखं नाही. तिथे पेनफोल्ड्सला ‘बेन फू’ म्हणतात, अर्थ साधारण ‘श्रीमंतीकडे धाव’. २०१९ पर्यंत मुक्त व्यापार करारामुळे ऑस्ट्रेलियन वाइनवरचं आयात शुल्क शून्यावर आलं होतं. मग दोन्ही सरकारांचं राजकीय बिनसलं आणि मार्च २०२१ मध्ये चीनने ११६ ते २१८ टक्के अँटी-डंपिंग शुल्क लावलं. वर्षाला अब्ज डॉलरच्या वरची बाजारपेठ जवळजवळ बंद. पेनफोल्ड्सची मालक कंपनी मोठी. तिने दुसरे देश शोधले, चीनमधल्या द्राक्षांची वाइनसुद्धा काढली. छोट्या बागायतदाराला असं काही करता येत नाही. काळ्या द्राक्षांचा भाव उत्पादन खर्चाच्या खाली गेला, लोकांनी वेली उपटल्या. मार्च २०२४ मध्ये शुल्क उठलं, पण उपटलेली वेल परत लागायला वर्षं जातात. हे नाशिककरांना सांगायला नको.

आता आपलं. भारतात आयात वाइनवर १५० टक्के शुल्क, तेही किमतीवर. म्हणजे बंदरावर १०० रुपयांची बाटली उतरली की लगेच २५०. २९ डिसेंबर २०२२ पासून ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाला आणि त्यात किमतीचे टप्पे आले. वाहतूक-विम्यासह बाटली ५ अमेरिकी डॉलरच्या खाली असेल तर सवलत नाही. पाचच्या वर असेल तर शुल्क १०० टक्के, दहा वर्षांत ५० पर्यंत खाली. १५ डॉलरच्या वर असेल तर सुरुवातीलाच ७५, पुढे २५ पर्यंत.

सुरुवातीच्या दराने हिशेब करून बघा. ४ डॉलर ९० सेंटची बाटली शुल्कासह सव्वाबारा डॉलरला पडते आणि ५ डॉलर १० सेंटची १० डॉलर २० सेंटला! बंदरावर जी महाग, ती बाहेर पडताना स्वस्त. वरकरणी वेडेपणा वाटतो, पण मला हा टप्पा शहाणपणाचा वाटतो. आपल्या वाइनरींची भिस्त ज्या हजाराच्या आतबाहेरच्या बाटल्यांवर आहे, त्या पट्ट्यात स्वस्त ऑस्ट्रेलियन माल ओतला जाऊ नये, ही तजवीज आहे. चुलतभावाला मी हेच सांगितलं. तो म्हणाला, “दादा, आज पाच डॉलर आहे, पुढच्या कराराला तीन करतील.” यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं.

राहिला गिऱ्हाईक. दारू जीएसटीच्या बाहेर, राज्यांच्या ताब्यात. त्यामुळे केंद्राने शुल्क उतरवलं तरी पुढे राज्याचं शुल्क, व्हॅट, लेबल नोंदणीची फी, मग आयातदार, वितरक, दुकानदार. यातले बरेचसे आकडे आधीच फुगलेल्या किमतीवरच मोजले जातात. गोव्यात एक भाव, मुंबईत दुसरा, दिल्लीत तिसरा, आणि हे सगळं एकाच देशात. केंद्राने सोडलेला पैसा मध्ये कुठे मुरतो, ते लेबलवरच्या एमआरपीकडे बघून काही कळत नाही.

मुंबई-पुण्यात कुणी दुकान किंवा परमिट रूम चालवत असेल, तर एखाद्या ऑस्ट्रेलियन बाटलीचा २०२२ चा आणि आजचा एमआरपी खाली लिहा. बिलाचा फोटो असेल तर उत्तम.