कोपरा मिटत नाही तेव्हा

संगणकावर घरांचे नकाशे काढणाऱ्या ड्राफ्ट्समनच्या तक्रारी ठरलेल्या असतात. फाइल जड होते, तुटक रेष सलग दिसते, आराखडा उलटवला की त्यातली अक्षरेही उलटी होतात, आणि मिलिमीटरमध्ये काढलेला दरवाजा इंचांच्या फाइलमध्ये आणला की खोलीत न मावण्याइतका, म्हणजे २५.४ पट, मोठा होऊन बसतो. या सर्वांवर उतारे आहेत आणि ते कार्यालयातल्या नवख्या मुलालाही ठाऊक असतात, म्हणून त्यांचा विस्तार येथे करण्याचे कारण नाही. एका तक्रारीवरचा उतारा मात्र तिला बरे करत नाही, फक्त झाकतो, आणि ती तक्रार म्हणजे ‘हॅच बसत नाही’. हॅच म्हणजे कापलेली वीटभिंत, काँक्रीट किंवा फरशी ओळखू यावी म्हणून बंदिस्त आकृतीत भरायची तिरप्या रेघांची जाळी. आकृती बंद नसेल तर ऑटोकॅड ती भरण्यास नकार देते, आणि पडद्यावर चारही कोपरे जुळलेले दिसत असताना हा नकार आला की पंधरा मिनिटांचे काम दुपार खाते.

कोपरा जुळल्यासारखा दिसणे आणि जुळणे यांतला हा फरक शाईच्या काळात अस्तित्वातच नव्हता. ट्रेसिंगवर ०.३५ मिलिमीटरच्या रोट्रिंग पेनने १:१०० या प्रमाणात काढलेली रेष प्रत्यक्ष जागेवरची ३५ मिलिमीटर रुंदीची पट्टी व्यापते, त्यामुळे त्याहून लहान असा कोणताही घोळ त्या शाईखाली निमूटपणे सामावून जात असे. चांगला ड्राफ्ट्समन दोन रेषा कोपऱ्यावर किंचित पुढे जाऊ देई, म्हणजे कोपरा ठसठशीत दिसे, आणि जास्तच पुढे गेलेली रेष अर्ध्या ब्लेडने खरवडून काढी. ऑटोकॅड १९८२ साली बाजारात आले तेव्हा त्याने आणलेला खरा बदल वेगाचा नव्हता, तर रेषेची जाडी काढून घेण्याचा होता. पडद्यावर ती जाड दिसत असली तरी संगणकाच्या लेखी तिला दोन टोके असतात आणि प्रत्येक टोकाला दशांशांत लिहिलेला पत्ता असतो. दोन रेषांच्या टोकांचे पत्ते एकच असले तर कोपरा आहे, नसले तर नाही. येथे शाईसारखी सवलत नाही.

मग पत्ते वेगळे का पडतात, हा या धंद्यातला खरा प्रश्न आहे, आणि त्याचे सर्वांत चिवट उत्तर महाराष्ट्रातल्या कोणत्याही वास्तुरचनाकाराच्या कार्यालयात सापडते. येथे भिंत बोलताना ‘नऊ इंची’ असते आणि लिहिताना २३०. काटेकोर हिशेबाने नऊ इंच म्हणजे २२८.६ मिलिमीटर, म्हणजे दोन्ही आकड्यांत १.४ मिलिमीटरचे अंतर आहे. मालक खोली दहा बाय बाराची सांगतो, वास्तुरचनाकार ती फुटांत विचारात घेऊन मिलिमीटरमध्ये मांडतो, स्ट्रक्चरल इंजिनीअरचा कॉलम २३० चा येतो, फर्निचर करणाऱ्याची फाइल इंचांत येते, आणि या चौघांची मापे एका आराखड्यात एकत्र आली की कुठेतरी एक भिंत २२८.६ ची आणि तिला काटकोनात भेटणारी २३० ची निघते. १:१०० वर हे अंतर कागदावर ०.०१४ मिलिमीटर भरते, म्हणजे ०.३५ च्या शाईरेषेच्या पंचविसाव्या हिश्शाएवढे. डोळा ते पाहू शकत नाही. हॅच मात्र तेथेच अडते.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि त्याला उत्तर देणे आवश्यक आहे. वीट भट्टीगणिक बदलते, गवंडी ओळंब्याने भिंत उभी करताना मसाल्याच्या जाडीत पाच-सहा मिलिमीटर इकडेतिकडे करतो, वर प्लास्टर चढते, मग दीड मिलिमीटरसाठी एवढा आटापिटा कशाला, असे विचारले जाते. गवंड्याची सूट त्याच्या हातात असते आणि ती तो त्याच भिंतीत जिरवतो. नकाशातली चूक तशी जिरत नाही, कारण नकाशात मापे साखळीने लिहिली जातात. एका ओळीत आठ भिंती आल्या तर ११.२ मिलिमीटरचा फरक पडतो, आणि खोल्या व भिंती यांची सुटी मापे जोडून आलेली बेरीज बाहेरच्या एकूण मापाशी जुळत नाही. पायाची आखणी करणारा माणूस टेप धरून उभा असतो तेव्हा त्याला यांपैकी एक माप खोटे धरावे लागते, आणि कोणते खोटे हे नकाशा सांगत नाही. हॅच न बसणे ही या गोष्टीची आगाऊ सूचना असते, आणि ती इतक्या लवकर दुसरी कोणतीही खूण देत नाही. मंजुरीच्या नकाशात तर हाच घोळ क्षेत्रफळात उतरतो. दहा बाय बारा फुटांची खोली ३०४८ बाय ३६५८ धरली की सुमारे ११.१५ चौरस मीटर भरते, आणि ‘सोयीसाठी’ ३०५० बाय ३६६० केली की सुमारे ११.१६. एका खोलीत हे काहीच नाही, पण अठ्ठावीस सदनिका आणि प्रत्येकीत पाच खोल्या असलेल्या इमारतीत हा फरक दोन चौरस मीटरच्या घरात जातो. चटई क्षेत्र निर्देशांकाच्या, म्हणजे भूखंडावर किती बांधकाम करता येईल हे ठरवणाऱ्या गुणोत्तराच्या काठावर बसवलेला आराखडा तेवढ्यावर नापास होऊ शकतो.

कोपरा शोधण्याची रीत ज्याची त्याने बसवलेली असते, तरी तीन ठिकाणे अशी आहेत जिथे अनुभवी माणूसही फसतो. पहिले असे की हॅच आपली सीमा पडद्यावर दिसणाऱ्या वस्तूंतच शोधते, त्यामुळे खोलीच्या एका कोपऱ्यावर झूम करून बसलेला माणूस पूर्ण बंद असलेली आकृती उघडी ठरवून घेतो. आधी मागे सरून सगळी आकृती दृष्टीत आणावी आणि मगच संशय घ्यावा. दुसरे ठिकाण उंचीचे आहे. भूमापन करणाऱ्याकडून आलेल्या फाइलमध्ये प्रत्येक बिंदूला समुद्रसपाटीपासूनची पातळी जोडलेली असते, आणि पुण्यात ती साधारण ५६० मीटर असते. कुंपणाचा कोपरा त्या बिंदूवर स्नॅपने, म्हणजे जवळचा नेमका बिंदू आपोआप पकडणाऱ्या सोयीने, टेकवला की रेषेचे एक टोक जमिनीवर राहते आणि दुसरे ५६० मीटर वर जाते. वरून पाहताना दोन्ही टोके एकावर एक दिसतात, कितीही झूम केले तरी फट दिसत नाही, आणि हॅच मात्र नाकारली जाते. अशा वेळी आराखडा बाजूने फिरवून पाहिला की रेषा उभी तिरकस चढलेली दिसते आणि सगळा उलगडा होतो. सगळी उंची शून्यावर आणणारी ‘फ्लॅटन’ ही आज्ञा यावर चालते, पण ती चढउताराच्या समोच्च रेषाही सपाट करते, म्हणून तिचा वापर प्रतीवर करावा, मूळ फाइलवर नव्हे.

तिसरे ठिकाण दूरत्वाचे आहे. सध्या भूमापन यूटीएम या जागतिक निर्देशांक पद्धतीत येते, जिच्यात पृथ्वी सहा-सहा अंशांच्या पट्ट्यांत विभागलेली असते. पुणे ४३ व्या पट्ट्यात आणि नागपूर ४४ व्या पट्ट्यात पडते. पुण्याच्या भूखंडाचा उत्तरेकडचा निर्देशांक सुमारे २० लाख ४७ हजार मीटर असतो, आणि तीच फाइल मिलिमीटरमध्ये आणली की तो दोनशे कोटींच्या वर जातो. संगणक प्रत्येक संख्या साधारण पंधरा-सोळा अर्थपूर्ण अंकांत साठवतो, त्यांतले दहा दशांशचिन्हाच्या डावीकडेच खर्ची पडतात, आणि पडदा रंगवणारी यंत्रणा त्याहून कमी अंकांवर काम करत असल्याने रेषा थरथरू लागतात, हॅच मध्येच सांडते, वर्तुळे कोनदार होतात. यावरचा उपाय जुना आहे: भूखंडाचा एक कोपरा शून्यावर आणून काम करावे आणि मूळ निर्देशांक त्या कोपऱ्याशी लिहून ठेवावेत. दुःख याचे की हा उपाय ठाऊक असलेली माणसेही तो करायचा कंटाळा करतात आणि मग सॉफ्टवेअरला दोष देतात.

या लेखनाला निमित्त झाले ते वयाचे आणि एका शिकाऊ मुलाचे. चाळिशीनंतर डोळ्याला पडद्यावरची फट पूर्वीइतकी लवकर सापडत नाही, आणि ज्या माणसाने आयुष्यभर ‘कोपरा माझ्या नजरेतून सुटत नाही’ या भरवशावर हाताखालच्यांवर हुकूम चालवला, त्याला तो भरवसा सुटताना जड जाते. त्याच सुमारास कार्यालयात आलेल्या मुलाने हॅचच्या फटसहनशीलतेचा आकडा शून्यावरून पन्नासवर नेला. ऑटोकॅडमध्ये ही सोय आहे, म्हणजे त्या आकड्यापेक्षा लहान फट असलेली आकृती बंद आहे असे समजून जाळी भरली जाते. हॅच क्षणात बसली. त्या मुलाच्या दृष्टीने प्रश्न सुटला होता आणि त्याला तसे म्हणण्याचा अधिकार होता, कारण त्याला हॅच भरायला सांगितली होती, कोपरा जुळवायला नव्हे. प्रस्तुत लेखकाला मात्र ती जाळी पाहवेना. त्या अस्वस्थतेत तत्त्व किती आणि वर्षानुवर्षे जपलेला अभिमान दुखावल्याची वेदना किती, हे सांगणे कठीण आहे. कोणीही उघडून पाहणार नाही अशा फाइलमध्ये सगळे कोपरे बंद असावेत, आणि कोणीतरी कधी उघडून पाहावे व ओळखावे, अशी इच्छा या कामात शेवटपर्यंत जात नाही.

तरीही अभिमान बाजूला ठेवून एवढे म्हणता येते की पन्नासच्या आकड्याने कोपरा जुळत नाही, त्याची चौकशी तेवढी बंद होते. खरे जुळवणे ‘फिलेट’ या आज्ञेने होते, जिची त्रिज्या शून्य ठेवली की दोन रेषा नेमक्या एका बिंदूत भेटतात, पण त्याआधी दोघींपैकी कोणती भिंत खरी हे ठरवावे लागते. यंत्र त्या निर्णयाशी येऊन थांबते, आणि निर्णय ड्राफ्ट्समनचा असतो. सर जमशेदजी जीजीभाय यांच्या नावाच्या मुंबईतल्या संस्थेत वास्तुशिक्षणाची सुरुवात ड्राफ्ट्समनच्या वर्गापासून झाली, आणि आजही आयटीआयमध्ये ड्राफ्ट्समन (सिव्हिल) हा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे, यामागे हाच विचार आहे की रेष काढणाऱ्याला बांधकाम कळले पाहिजे. गल्लोगल्ली चाललेल्या अल्पमुदतीच्या वर्गांतून आज्ञा शिकवल्या जातात, माप शिकवले जात नाही. तेथून बाहेर पडलेला मुलगा शंभर आज्ञा वापरतो आणि नऊ इंच म्हणजे किती या प्रश्नावर २३० असे खात्रीने उत्तर देतो. याहून वाईट सवय मापावर हाताने आकडा लिहिण्याची आहे: रेष २९९७ ची असताना मापाच्या जागी ३००० असे टंकून मोकळे होणे. शाईच्या काळी असे खोटे माप लिहिणाऱ्याला त्याच्या वरिष्ठाने पुन्हा बोर्डावर बसवले असते.

या सगळ्यावर रेव्हिटसारखी सॉफ्टवेअर हाच उपाय आहे, असे आता सांगितले जाते. त्यांत रेष नसते, भिंत ही वस्तू असते. तिची जाडी एकदाच ठरते आणि दोन भिंती एकमेकींना भेटल्या की आपोआप जुळतात. २२८.६ आणि २३० हा झगडा त्यामुळे बराच मिटतो, हे मान्य केले पाहिजे. पण मूळ अडचण नाहीशी होत नाही. खोली नीट बंद नसेल तर तेही सॉफ्टवेअर तशी सूचना देते, भिंत अक्षापासून किंचित ढळली असेल तर तेही ताकीद देते, आणि त्या ताकिदी न वाचता मिटवून पुढे जाणारा माणूस तेथेही तोच असतो. भिंत आपोआप जुळते म्हणून ती कुठे जुळावी हे विचारायचे सोडून दिलेल्या पिढीला उद्या कोपरा शोधायला कोण शिकवणार, ही काळजी अनाठायी नाही.

म्हणून या धंद्यातल्या माणसांना, आणि विशेषतः ज्यांच्या हाताखाली शिकाऊ मुले आहेत त्यांना, एवढीच विनंती आहे: कामाच्या पहिल्या दिवशी भिंतीची जाडी २३० की २२८.६ हे ठरवून ते नकाशाच्या टिपांमध्ये लिहावे, इंजिनीअरला आणि फर्निचरवाल्याला तेच कळवावे, आणि फटसहनशीलतेचा आकडा शून्यावरच ठेवावा.