पत्र नव्हे, अर्ज

जज्जसाहेबांना लिहिलेलं माझं पत्र चार पानांचं होतं. आमच्या घरी व्यंकोजीराजांच्या वेळेपासूनची तंजावरी मराठी बोलतात, पण लिहायचं झालं की तमिळच. रडले मराठीत, लिहिलं तमिळमध्ये.

मुलीची पोटगी मी माहेरी, कुंभकोणमलाच मागितली होती. नवरा पुण्याला असला तरी बायको राहते तिथल्या कोर्टात हा अर्ज चालतो. महिना सहा हजारांचा हुकूम झाला. काही दिवस पैसे आले, मग बंद.

खिडकीवरच्या कारकुनानं पहिली ओळ वाचून पत्र परत दिलं. "हे कडिदम झालं, अम्मा. मनू आणा." कडिदम म्हणजे पत्र, मनू म्हणजे अर्ज. एका बाजूनं गुपचूप पाठवलेलं जज्जांनी वाचायचं नसतं. जे सांगायचं ते समोरच्याला प्रत देऊन. मला राग आला. उद्या त्यानंही माझ्यामागे असंच पत्र धाडलं तर? हे सुचायला महामहम तळ्याला अर्धी फेरी मारावी लागली.

तरी अर्ज केला नाही. पुन्हा कोर्टाची पायरी नको, म्हणून फोनवर निरोप पाठवत राहिले. त्याचं उत्तर ठरलेलं, "पुढच्या महिन्यात." इथे कोर्टाच्या तारखेला 'वायदा' म्हणतात. शब्द आपलाच, मला दोन्हीकडून तोच मिळत होता.

शेवटी वकीलबाईंकडे गेले तेव्हा थकलेले महिने चौदा. त्यांनी बोटांवर मोजले आणि दोन बोटं दुमडली. थकल्यापासून वर्षाच्या आत अर्ज केला तरच त्या रकमेसाठी वॉरंट निघतं. जुन्या कलम 125 मध्ये हेच होतं, 1 जुलै 2024 पासूनच्या नव्या संहितेत ते कलम 144 झालं, एवढंच. माझे शंभरावर निरोप त्या हिशेबात कुठेच नव्हते. बारा हजार रुपये! शाळेची एका सहामाहीची फी.

वकीलबाईंनी चार पानांतून तारखा तेवढ्या उचलल्या. हुकूम कधीचा, शेवटचे पैसे कधी आले, बाकी किती. त्यानं मुलीच्या वाढदिवसाला फोनही केला नाही, हे वाक्य मी ठेवा म्हटलं. त्यांनी मान हलवली, नाही.

अर्ज दीड पानांचा झाला. घरी मुलगी तो चाळत म्हणाली, "माझं नाव कुठं आहे?"

दुसऱ्या ओळीत होतं. पुढे लिहिलं होतं, मैनर, वय 9.