झरोक्याची जाळी

घराला दार असते ते माणसांसाठी आणि खिडकी असते ती उजेडासाठी; परंतु ज्या घरात अग्नी पेटतो, त्या घराला हवा आत येण्यासाठी आणि धूर बाहेर जाण्यासाठी आणखी एक वाट लागते. जुन्या घरांतील धुराडे ही अशीच वाट. घर लहान होऊन चाकांवर चढले, तरी अग्नीची ही गरज सुटत नाही.

अमेरिकेत अशा चाकांवरच्या घराला ‘ट्रॅव्हल ट्रेलर’ म्हणतात. मोटारीच्या मागे जोडून ते हवे तिकडे ओढून नेता येते. त्याच्या चिमुकल्या जागेत शेगडी, फ्रीज, पाण्याचा बंब आणि थंडीत ऊब देणारी भट्टी असा सारा संसार मावलेला असतो. ही उपकरणे बहुधा प्रोपेन वायूवर चालतात. अनेक ट्रेलरांतील फ्रीजसुद्धा ज्योतीच्या उष्णतेवर चालतो. म्हणूनच ट्रेलरच्या बाहेरच्या अंगाला या उपकरणांचे झरोके ठेवलेले असतात.

प्रवास नसेल तेव्हा हे घर आठवडेच्या आठवडे नुसते उभे असते. मालकाच्या लेखी ते रिकामे असते, कीटकांच्या लेखी मात्र नसते. खिडकीच्या चौकटीत किंवा भिंतीच्या कोपऱ्यात मातीचे घरटे लिंपणारी कुंभारीण भारतात सर्वांच्या ओळखीची आहे. तिच्या अमेरिकेतील बहिणीही तितक्याच कष्टाळू. चिखलाची गोळी तोंडात धरून यायचे, कोठडी रचायची, नांगी मारून निश्चल केलेले कोळी तिच्यात भरायचे, अंडे घालायचे आणि तोंड लिंपून टाकायचे, हा त्यांचा क्रम. भट्टीची नळी म्हणजे त्यांना आयतीच सापडलेली सुरक्षित जागा.

यात कुंभारणीचा दोष काहीच नाही. ती आपल्या पिलाची तरतूद करते. परंतु नळी बुजली, की ज्योतीला पुरेशी हवा मिळत नाही. निळी ज्योत पिवळी पडते, काजळी धरते आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. या वायूला रंग नाही, वास नाही. रक्तातील हिमोग्लोबिनला तो प्राणवायूपेक्षा २०० पटींहून अधिक ओढीने बिलगतो. झोपलेल्या माणसाला धोक्याची चाहूलही लागत नाही. मूठभर चिखल किती महाग पडू शकतो, याचे उदाहरण १९९६ सालचे आहे. डॉमिनिकन प्रजासत्ताकातून निघालेले एक विमान समुद्रात कोसळले आणि १८९ जण मृत्युमुखी पडले. विमानाचा वेग मोजणारी नळी बुजली होती. तीत कुंभारणीचे घरटे असावे, असा तपासकांचा कयास होता.

यावर उपाय म्हणून कित्येक ट्रेलरमालक घरच्या घरी जाळी तयार करतात. झरोक्याचे माप कागदावर उतरवायचे, त्या मापाने तारेची जाळी कापायची, बोचऱ्या कडा दुमडायच्या आणि बारीक तारेने ती पक्की बांधायची. तप्त वायू जिथून बाहेर पडतो तिथे प्लास्टिकची जाळी वितळते, साधी लोखंडी जाळी गंजते; म्हणून स्टेनलेस स्टीलची निवडतात. खरी कसोटी असते ती छिद्रांच्या मापाची. छिद्रे मोठी असली तर माशी आत शिरते. फार बारीक असली तर धूळ आणि कचरा अडकून जाळीच झरोका बुजवते. म्हणून काही उत्पादक भट्टीच्या तोंडाला जाळी लावूच नये, असे बजावतात. तिथे त्यांचे ऐकावे आणि भट्टी पेटवण्यापूर्वी नळी तपासावी, हेच शहाणपणाचे.

ही गोष्ट परदेशातील चाकांच्या घरापुरती नाही. थंडीत पेटती शेगडी खोलीत घेऊन दारे लावून घेणारी कुटुंबे आणि गॅसचा गीझर चालू ठेवून न्हाणीघराचा झरोका बंद करणारी माणसे भारतातही याच वायूला बळी पडली आहेत. वारा नको, डास नको, म्हणून माणूस झरोका बुजवतो आणि त्याबरोबर आपला श्वासही कोंडतो. जाळीमुळे नको ते बाहेर राहते आणि हवे ते आत येते. मात्र जाळी एकदा बसवली म्हणजे काम संपले, असे होत नाही. ऋतू पालटला की ती झाडावी लागते, फाटली तर बदलावी लागते. एवढी दक्षता घेणाऱ्याच्या घरातच अग्नी निर्धास्तपणे नांदतो.