अष्टमीची सुकती
बस दीड तास नुसती उभी होती. दोन वर्षं झाली, तरी हे मला पचत नाही.

आई तीन महिने लंडनला आमच्याकडे होती. आमच्या ओळखीतल्या एका गृहस्थांनी साउथएन्डची एक दिवसाची सहल काढली. टेम्स नदी समुद्राला मिळते तिथलं हे गाव. तिथला पिअर २.१४ किलोमीटर लांब, हवा खायला बांधलेल्या पिअरांमध्ये जगात सगळ्यात मोठा. टोकाला जायला चक्क छोटी आगगाडी. म्हटलं, आईला दाखवायलाच हवं.

आदल्या रात्री आईने बॅगेतून कालनिर्णय काढलं. ती रेवसची. "उद्या अष्टमी. आठाचे पाऊणपट सहा. सहाला भरती, बाराला सुकती. भर दुपारी काय चिखल बघायचा?" मी म्हटलं, "आई, इथे आपली तिथी नाही चालत." हे वाक्य मला परत घेता आलं तर बरं होईल.

कारण साडेबाराला उतरलो तर समुद्र नव्हताच. नजर जाईल तिथवर करडा, ओला चिखल, त्यात कुशीवर पडलेल्या होड्या आणि त्या सगळ्यावरून सरळ दूर गेलेला पिअर. प्रत्येक बंदराची भरतीची वेळ वेगळी असते, हे मला ठाऊक आहे. पण उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, तो तास धरला तर आईचा हिशोब जवळजवळ नेमका उतरला होता.

आईने गाडी नको म्हटलं. आम्ही चालत गेलो. फळ्यांच्या फटीतून ती सारखी खाली बघत होती. चिखलावर किड्यांनी टाकलेली मातीची वेटोळी होती, शेवयांच्या चुंबळीसारखी. लांब दोन माणसं फावड्याने खणत होती. "गरीला लावायला काढतात," आई म्हणाली. पिअर एवढा लांब का, हे मी वाचून आलो होतो: १८३० साली पहिला लाकडी पिअर झाला तो लंडनहून येणाऱ्या बोटींसाठी, पण ओहोटीला पाणी मैलभर मागे जातं म्हणून तो वाढवत न्यावा लागला. मी सांगायच्या आधीच तिने ते सांगितलं. "रेवसला गाळात लाँच अडते ना, तसंच. यांनी धक्काच पाण्यापर्यंत नेला." या पिअरला किती वेळा आग लागली, १९८६ मध्ये एक जहाज त्याच्या आरपार कसं घुसलं, ही माझी माहिती तिने ऐकून घेतली. टोकाला खरंच पाणी होतं. ती कठड्याला धरून बराच वेळ उभी राहिली.

परतताना तिने त्या गृहस्थांना विचारलं, "दादा, साडेतीनऐवजी पाचला निघू या का? पाणी भिंतीला लागताना बघायचंय." त्यांनी तिच्याकडे न बघता मला सांगितलं, "अहो, एकासाठी सगळी बस थांबवता येत नाही." ठीक. नियम म्हणजे नियम. आम्ही सव्वातीनला जागेवर बसलो. मग कळलं, दोन कुटुंबं खरेदीला गेली आहेत. चार वाजले. साडेचार वाजले. मी दोनदा म्हटलं, तेवढ्यात आईला समोर काठावर नेऊन आणतो. "आता येतीलच, कोणी उतरू नका." बस निघाली पाचला. पिशव्या घेऊन आलेल्यांना कोणी शब्दाने विचारलं नाही. एकासाठी बस थांबत नाही, पण खरेदीसाठी थांबते. म्हाताऱ्या माणसाने काही मागितलं की तो हट्ट, आणि तरुणांनी उशीर केला की ती अडचण, हे मी आपल्या लोकांत फार पाहिलं आहे. सहली काढणाऱ्यांनी भरतीची वेळ तरी बघून ठेवावी. आणि मी? मी उतरायला हवं होतं. आईचा हात धरून सरळ उतरायला हवं होतं.

आई मात्र काचेला नाक लावून बसली होती. पाणी आत येत होतं. आडव्या होड्या एकेक करून सरळ होत होत्या आणि ती मोजत होती. "सात उठल्या," ती म्हणाली तेव्हा बस वळली.

तिचा दिवस वाया गेला असं मी धरून चाललो होतो. रात्री ती मावशीशी फोनवर बोलत होती, अर्धा तास. पाण्याचा विषयच नाही. "अगं, वास अगदी आपल्या खाडीचा," ती सांगत होती, "आणि ती माणसं खणत होती ना, फावडं आपल्यासारखंच तिरकं धरतात."